दीड रुपया, चहा वेगळा

तुम्ही त्याची सरासरी विचारता.
यष्टिरक्षकाची सरासरी कसली हो?
माझ्या वहीत झेल आहेत, यष्टिचीत आहेत,
आणि समासात, पेन्सिलीनं, बोटं.
सदतीस साली उजवी करंगळी.
अडतीसच्या होळीनंतर डावं मधलं, दोनदा.
ही नोंद कुणी मागितली नव्हती.
मी गुणलेखक. दोन चेंडूंच्या मध्ये
हात रिकामा राहवत नसे.

पुंजा आडके, राहणार देवळाली.
मूळ धंदा छावणीच्या मैदानावर
साहेबांचे चेंडू नाल्यातून काढून देणे.
मैदान दारणेकडे उतरतं, चेंडू तिकडेच पळत,
त्यांच्यामागं हा.
धावायला त्याला उतारानं शिकवलं,
थांबायला काटेरी तारेनं.

आमच्या क्लबानं त्याला पैसे देऊन आणला.
'पैसे देऊन' हे तेव्हा
सोयरिकीत खोट सांगावी तसं, हळू सांगायचं.
वकील, मामलेदार, दातांचे डॉक्टर,
वहीत सगळ्यांना राव, सगळ्यांना आद्याक्षरं.
याचं नुसतं पुंजा. तसंच लिहा म्हणाले, तसंच लिहिलं.
कराराची चिठ्ठी अजून आहे:
दर सामन्यास दीड रुपया, चहा वेगळा.
वेगळा म्हणजे काय, यावर
कमिटीची अख्खी बैठक खर्ची पडली.
पुंजा म्हणे, वेगळा म्हणजे वरून.
सेक्रेटरी म्हणाले, वेगळा म्हणजे ज्याचा त्यानं.
मग तो घरून किटली आणू लागला,
आणि पंच चहाच्या वेळी
मंडपामागं दिसू लागले.

हातमोजे क्लबाचे,
म्हणजे सेक्रेटरींच्या मेहुण्याचे.
पुंजाला धोतराची पट्टी.
गोल्फ क्लबाच्या मैदानावर, थंडीत, सकाळी,
नवा चेंडू त्या पट्टीत शिरताना
जो आवाज यायचा
त्याचं चिन्ह आमच्या वहीत नाही.

चव्वेचाळीस साली छावणीत
सातआठ आठवडे अमेरिकन उतरले होते.
गोल दांडकं, चौकोनी पळापळ.
त्यांच्या झेलणाऱ्याला जुलाब लागले,
कुणीतरी म्हणालं, इथला एक आहे.
चेंडू टप्पा न पडता सरळ येतो
हे पाहून पुंजा हसला, म्हणाला,
"मास्तर, ही तर सुट्टी झाली."
जन्मभर त्याला टप्प्यानंच मारलं होतं.
दोन चेंडू त्यांच्या मोज्यात घेतले,
मग मोजा काढून ठेवला. गादीवर कळत नाही, म्हणाला.
ते शिट्ट्या वाजवत होते.
कौतुकानं का वेडा म्हणून, मला विचारू नका.
संध्याकाळी पाच रुपये दिले, पावती नाही.
नाव विचारलं, दोनदा,
दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी म्हणाले.
आणि तो मोजा देऊन टाकला. डाव्या हाताचा, एकच.
ठकूनं रात्री विचारलं, जोडीचा कुठंय?

पुढं क्लबानं खेळ शुद्ध करायचा ठराव केला.
पगारी माणूस नको. बाजूनं नऊ, विरोधी कुणी नाही.
इतिवृत्त मीच लिहिलं.

वीस वर्षं तो भद्रकालीत
चिवड्याच्या भट्टीवर होता.
उकळत्या तेलाची कढई त्या मोज्यानं उतरवायचा,
आणि पोरं कच्चे शेंगदाणे भिरकावत
त्याच्या पाठीमागून. न बघता झेलायचा.
कधी सुटलाच तर स्वतःच म्हणायचा,
"लिहा मास्तर, बाय."

लग्नाची अंगठी पेरावरून सरकेना
म्हणून ती गळ्यात, काळ्या दोऱ्यात.
शेवटी नर्स नाडी बघायला आली
तेव्हा हात हातात धरून थोडी थांबली,
कुठून धरावा कळेना.

वही न्या. वाळवीनं एकोणचाळीस साल खाल्लंय,
बाकी शाबूत आहे.
सत्ताविसाव्या पानावर शाईचा रंग बदललेला दिसेल.
तिथं 'पुंजा'च्या पुढं 'आडके' मी परवा घातलं.
नियमात बसत नाही, सामना संपल्यावर नोंद करायची नसते.
सरासरी तुम्हीच काढा.
आणि हे घ्या, जाताना तोंडात टाका,
त्याच भट्टीचा आहे. तिखट लागेल.